झडती हर्षाताईची

आमच्या घरी लाकडी कपाटावर एक पितळेची पाटी पालथी पडून हाये. मीच पालथी घातली. रोज सकाळी कोणीतरी तिले सरळ करते आन् चहा मांडायच्या आधी मी तिले पुन्हा पालथी घालते. घरात आमी तिघंच. मी आरती, माझे मालक किशोरराव आन् सासरे शेषराव, ज्याईले मी मामाजी म्हणते. मामाजीचा हात आता कपाटावर पोचत नाही, म्हणून पाटी सरळ कोण करते ते सांगायची गरज नाही. पाटीवर कोरलं हाये, 'झडतीसम्राट श्री. किशोर शेषराव गावंडे'. त्यातलं नाव-आडनाव खरं हाये. सम्राट माझी नणंद हाये, आन् हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायले भीत नाही.

नणंद म्हणजे हर्षाताई. किशोररावांहून दोन वर्षांनी मोठी. डॉक्टर हाये, पण सुया टोचणारी नाही, किड्याची डॉक्टर. अकोल्याले कापसाच्या एका संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ हाये. गुलाबी बोंडअळी कवा येते, कुठून येते, काय केलं तं मरते, यातच तिची उमर गेली. लग्न केलं नाही. काहून केलं नाही ते मले विचारू नका, हिंमत असन तं तिलेच विचारा.

आता झडती म्हणजे काय ते वऱ्हाडाबाहेरच्या माणसाले सांगा लागते. पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावचे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. मंग एकेक गडी पुढं होते आन् चार ओळी ठोकते. सरपंचावर, तलाठ्यावर, शेजाऱ्यावर, ज्याच्यावर राग असन त्याच्यावर. शेवटी म्हणते, 'एक नमन गौरा पारबती, हर बोला', आन् गाव म्हणते, 'हर हर महादेव'. अचलपूरच्या अंगाले हाये आमचं गाव, आन् आमच्या गावची एक रीत वेगळी हाये. ज्याच्यावर झडती पडली त्यानं आधी महादेव म्हणायचं, मंग गावानं. म्हणजे त्यानं ते ऐकलं, अंगावर घेतलं आन् डूख धरला नाही, असा त्याचा अर्थ. तो म्हणत नाही तोवर तोरण तुटत नाही, बैल जागचे हलत नाहीत. एका साली खुशालराव सरपंच तोंड शिवून उभे राहिले. बैल उन्हात, पोरं रडून राहिले, बायका दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. गाव काही हाललं नाही. शेवटी म्हणा लागलं त्याईले. बायकांनी मात्र तोरणाखाली जायचं नाही, ही दुसरी रीत. ती साऱ्याच गावाईची हाये.

ताईनं पहिली झडती केली तवा ती सातवीत होती. शाळेचं छत गळे, त्यावर केली. मले पाठ हाये:

आभाळ गळे, पत्रा गळे,
शाळेच्या दारात तळ्यावर तळे;
पोरं भिजले, फळा भिजला,
गुरुजीचा डबा कोरडाच राहिला.

तिनं ती मामाजीले म्हणून दाखवली. मामाजी हासले, पोट धरून हासले, आन् म्हणाले, "झ्याक हाये. पण पोरीच्या तोंडी झडती शोभत नाही. किशोर म्हणन." किशोरराव तवा एवढेसे होते. त्याईले बैलबंडीवर उभं केलं, त्याईनं खणखणीत आवाजात म्हटली, गुरुजीनं खाली पाहून महादेव म्हटलं आन् गावानं पोराले खांद्यावर घेतलं. ताई दारात होती, माय नव्हती म्हणून आरतीचं ताट तिच्याच हातात. मी तिले एकदा विचारलं, "तुले तवा राग नाही आला?" तं म्हणे, "नाही आरती. मले आनंदच झाला होता. राग नंतर आला, लय नंतर."

तवापासून हे चाललं. खोटं कशाले बोलू, किशोररावांचा आवाज हाये, उभं राहण्यात रुबाब हाये. मी शेंदूरजनाघाटची. लग्नाआधी माझ्या मावशीनं सांगितलं होतं, पोरगा असा हाये की पोळ्याले उभा राहिला तं गाव थरथर कापते. मी त्यावरच भाळली. लग्नानंतरचा पहिला पोळा आला तं हा गाव कापवणारा माणूस सकाळपासून फोनजवळ फेऱ्या घालून राहिला. फोन वाजला. तिकडून कोणी एकेक ओळ सांगे, इकडून हे पोरासारखी घोकत. मी विचारलं, "कोण सांगून राहिलं?" म्हणे, "ताई." मी म्हटलं, "मंग गावात तुमचं नाव काहून?" म्हणे, "घरातलंच हाये ना." हे 'घरातलंच हाये' मी तवापासून ऐकून राहिली. घरातलं म्हटलं की बाईचं जे असन ते सरळ बापाभावाच्या खिशात जाते, हा कोणता हिशेब हाये, देव जाणे.

आमची पोरगी आचल आता बाहेरगावी शिकते; ती बारावीले होती तवा तिच्या क्लाससाठी आमी मायलेकी अकोल्याले ताईच्या क्वार्टरमंदी राहिलो. तवा मी पाहिलं, ही बाई झडती कशी करते. लोकाईले वाटते, बसलं, सुचलं, लिहिलं. डोंबलाचं सुचते. ताई सकाळी केंद्राच्या कपाशीत जाये. बोंड तोडायचं, फोडायचं, आतली अळी मोजायची, की पुढचं बोंड. आन् तोंडानं सारखं पुटपुटणं. तण निंदणाऱ्या बाया एकमेकीले सांगत, मॅडम अळीसंग बोलते. मले ती म्हणे, "मोजताना डोळे अळीत असतात, जीभ रिकामी असते. तिले कामाले लावते." दुपारी खोलीत सूक्ष्मदर्शकाजवळ बसली की चिमट्यानं ट्रेवर ठेका धरे. ठेका चुकला की अळी बाजूले ठेवून ओळच दुरुस्त करे.

झडती ती शेपटीकडून बांधे. आधी शेवटची ओळ, जिथं फटका बसायचा ती. मंग मागं मागं येत पहिली. मी म्हटलं, हे उलटं काहून? तं म्हणे, "शेवट ठरला नसला की माणूस गावभर फिरते आन् कोणालेच लागत नाही." पुस्तकातले शब्द तिले चालत नसत. रविवारी पिशवी घेऊन भाजीबाजारात जाये, पण भाजीसाठी नाही. पार्बताबाई नावाची एक माळीण पालक आन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसे. ती गिऱ्हाइकाले कशी झोडपते ते ऐकायले ताई तिच्याजवळ पोतं टाकून बसे. एक दिवस एक बाई सांभार चिवडून चिवडून पाहून राहिली, तं पार्बताबाई म्हणे, "राहू दे माय, आधी डोळे धुऊन ये." ताई ते वाक्य आठवडाभर घरात घोळवत होती. अंघोळीले जाताना, कुकर लावताना. तिच्या तोंडावर तवा जी खुशी मी पाहिली, ती तिच्या मोठमोठ्या बक्षिसांच्या फोटोत कुठंच नाही. तिथं ती सरकारी तोंडानं उभी हाये.

किशोररावांचं म्हणणं एकच. "ताईचं नाव घेतलं तं तिची नोकरी जाईन." ऐकायले किती चांगलं वाटते, नाही? भावाले बहिणीची केवढी काळजी. पण एका साली ताईनं बियाण्यावर झडती दिली:

पाकिटावर बोंड टपोरं छान,
शेतात पाहिलं तं अळीचंच रान;
साहेब आले, फोटो काढला,
अळीनं मागून अंगठा दाखवला.

ती किशोररावांच्या आवाजात मोबाइलवरून साऱ्या जिल्ह्यात फिरली. फिरत फिरत ताईच्याच केंद्रात पोचली. तिच्या मोठ्या साहेबानं मिटिंगमंदी लावून साऱ्याईले ऐकवली, खदखदून हासले आन् म्हणाले, "मॅडम, हा गावंडे तुमच्याकडचा का? काय डोकं हाये माणसाचं." ताई म्हणाली, "माझा भाऊ हाये." साहेब म्हणाले, "तुमी पण शिका काही त्याच्याकडून, सारखं अळी अळी करता." नोकरी जायची सोडा, साहेब खुश झाले होते. ताई त्या दिवशी घरी आली आन् जेवली नाही. धुतलेले भांडे पुन्हा धुवत बसली. मी तिच्या हातातलं भांडं ओढून घेतलं आन् म्हटलं, आता बस झालं, तुले बोला लागन. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा म्हटलं, "मले राग येते आरती. मले किशोरचा लय राग येते."

यंदा उन्हाळ्यात अमरावतीच्या एका मंडळानं किशोररावांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आन् ही पाटी. बातमी आली तवा ताई गावातच होती. तिनं ओसरीवर, मामाजीच्या समोर, भावाले सांगितलं, "किशोर, पाटी तू घे, शाल तू घे. मले काही नको. स्टेजवरून एकच वाक्य म्हण. 'झडत्या ताईच्या, आवाज माझा.' बस." किशोरराव म्हणाले, "म्हणन ना ताई, त्यात काय एवढं." मी तिथंच गहू निवडत होती. मामाजीनंही ऐकलं. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, या माणसाले अक्कल आली.

दोन गाड्या भरून गाव अमरावतीले गेलं. उन्हानं डांबर पातळ झालं होतं. लोकाईनं रस्त्यात गाडी थांबवून गिला वडा खाल्ला, मजा केली. सभागृहात मामाजीले पहिल्या रांगेत बसवलं, सत्कारमूर्तीचे वडील म्हणून. मी, ताई आन् गाव मागच्या रांगाईत. ताईनं नवी साडी नेसली होती, जांभळी. ते एक वाक्य ऐकायले तिनं साडी घेतली होती.

किशोरराव बोलायले उठले. मातीचे आभार मानले. बैलाचे मानले. वडलाचे, गावाचे, मंडळाचे, माइकवाल्याचेही मानले. मी वाट पाहून राहिली. ताईनं माझा हात धरला होता. मंग ते म्हणाले, "लोक मले विचारतात, तुमाले हे सुचते कसं? मी सांगतो, झडती माझ्या रक्तातच हाये." टाळ्या पडल्या. ते बसायले वळले. वाक्य काही आलं नाही. ताईचा हात माझ्या हातातून सुटला, तिनं तो मांडीवर ठेवला आन् समोर पाहत राहिली. मले वाटलं, उठावं आन् स्टेजवर जाऊन त्या शालीनंच याईचं तोंड बांधावं. मी नवऱ्याले असं म्हणते याचं कोणाले वाईट वाटत असन तं वाटो.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, "किशोरराव, असं कसं? एक ताजी झडती झाली पाहिजे. विषय आमी देतो. हा सत्कारच घ्या. होऊन जाऊ द्या."

किशोरराव हासले. घाम पुसला. "हां, सत्कार," म्हणाले. "सत्कार रे सत्कार..." आन् थांबले. पुन्हा म्हणाले, "सत्कार रे सत्कार..." पुढं काहीच नाही. लोक हासून राहिले, त्याईले वाटलं हा रंगवून राहिला. मले माहीत होतं आन् ताईले माहीत होतं. किशोररावांनी मागच्या रांगेत नजर टाकली. ताई कुठं बसली हे त्याईले बरोबर सापडलं. आभार मानताना मात्र नाही सापडली.

मी ताईच्या कानात म्हटलं, "बसून राह्य. एक शब्द बोलू नको. मरू दे त्याईले तिथं." पण ती उठली. म्हणे, "आरती, लहानपणापासून मी त्याले तिथं उघडं पडू दिलं नाही. हे शेवटचं." आन् तिनं जाग्यावरूनच, माइकशिवाय म्हटलं:

भर उन्हाळ्यात शालीची ऊब,
टाळ्या वाजवा खूब खूब;
पाहुणे बोलले दोन दोन तास,
लोकाच्या पोटाले चहाची आस.

सभागृह उसळलं. ज्या पाहुण्यावर ती पडली ते जुने वऱ्हाडी होते, त्याईनं हात वर करून आधी महादेव म्हटलं, मंग साऱ्याईनं म्हटलं. सूत्रसंचालक खुश झाले. माइकवर म्हणाले, "वा! म्हणजे भावाचा गुण बहिणीलेही लागला म्हणायचा." लोकाईनं त्यावरही टाळ्या वाजवल्या. किशोररावही वाजवून राहिले. त्याईच्या तोंडावर सुटल्याचं हासू होतं.

ताई खाली बसणार होती. मी पाहिलं, तिनं खुर्चीले हात लावला होता. तो तिनं काढून घेतला. चालत चालत ती मधल्या वाटेनं स्टेजच्या पुढं आली, मामाजीच्या खुर्चीजवळ उभी राहिली आन् वर भावाकडे पाहून म्हणाली:

पेरणी माझी, निंदण माझं,
अळीसंग सारं भांडण माझं;
बोंड फुटलं, पांढरं झालं,
पाटीवर नाव भावाचं आलं.
एक नमन गौरा पारबती, हर बोला.

शहरातल्या काही लोकाईनं सवयीनं 'हर हर' म्हटलं आन् अर्ध्यातच थांबले, कारण मागच्या रांगा गप होत्या. मागं आमचं गाव होतं. गाव किशोररावांकडे पाहून राहिलं होतं. ज्याच्यावर पडली त्यानं आधी म्हणायचं. त्याईलेही ते माहीत होतं, त्याईनं दुसऱ्याकडून कितीतरी वेळा म्हणवून घेतलं होतं. किशोरराव पाटी छातीशी धरून उभे. एकदा ओठ हालले. मंग सूत्रसंचालकाले म्हणाले, "चला, पुढचा कार्यक्रम घ्या."

कोणी हाललं नाही. मंग पहिल्या रांगेत काठी वाजली. मामाजी उठले. याईले उभं राहायले दोन माणसं लागतात, ते एकटे उठले. स्टेजकडे पाठ केली, पोरीकडे तोंड केलं आन् म्हणाले, "हर हर महादेव." आवाज फाटका होता, पण शेवटपर्यंत गेला. गावातले म्हातारे खाली पाहायले लागले. पोराच्या वतीनं बापानं महादेव म्हणायचं, अशी रीत नाही. म्हातारा स्वतःचं म्हणून राहिला होता. शाळेच्या पत्र्याचं, बंडीचं, आरतीच्या ताटाचं. ताईनं वाकून त्याईच्या पायाले हात लावला. स्टेजवरून मात्र काही आलं नाही, म्हणून गावही गप राहिलं आन् गपच गाडीत बसलं.

ताईले अकोल्याची बस पकडायची होती. गाडी बसस्थानकाशी थांबवली तवा मामाजी तिले म्हणाले, "हर्षा, यंदाच्या पोळ्याले तोरनाखाली तू उभी राह्य. कासरा तुह्या हातात. कोन काय म्हन्ते ते मी पाह्यतो." एवढ्या वर्षांनी हे ऐकून मले रडू फुटलं. ताई रडली नाही. ती म्हणाली, "राहीन बाबा. पण आधी मले त्याचं महादेव पाहिजे. पाटी त्यालेच राहू द्या." किशोरराव पुढच्या सीटवर बसले होते. त्याईनं काच वर केली.

ताईचं काम चालूच हाये. यंदा अळी लवकर आली म्हणते, दिवसभर बोंडं फोडत असते. झडत्याही करून राहिली, फोनवर मले ऐकवते, आन् मी पोळ्यापर्यंत पाठ करून ठेवून राहिली. आता त्या किशोररावांकडे जात नाहीत. गावात त्याईले कोणी काही बोलत नाही, राम राम करतात. पण पारावर बसले की म्हातारे बोलणं थांबवतात आन् वाट पाहतात. खुशालरावही वाट पाहतात.

पोळा जवळ आला. बैल मी धुते, शिंगं मी रंगवणार हाये. रोज दोन वेळा मी किशोररावांसमोर ताट ठेवते, भाकर वाढते, वरण वाढते आन् उभी राहून म्हणते, "एक नमन गौरा पारबती, हर बोला." मामाजी हातातला घास हातात धरून पोराकडे पाहत बसतात. किशोरराव खाली मान घालून जेवतात. मी काही थकली नाही. त्याईचं जेवण होईपर्यंत मी तिथंच उभी राहते.